नवमीचं पाणी

देवासला जयवंतीला कोणी विचारलं, की तुमचे वडील कुठे असतात, तर ती सरळ सांगायची, "नाहीत." कधी गेले, कशाने गेले, हे पुढचं विचारायची कोणाची छाती व्हायची नाही, कारण तो शब्द ती अशा ठसक्यात टाकायची की समोरचा मुकाट्याने चहाच्या कपाकडे वळायचा. शाळेत, शेजारीपाजारी, चर्चमध्ये सगळ्यांची तीच समजूत होती. तिच्या मुलीला, शिवानीलासुद्धा, आजोबा नसलेलेच ठाऊक होते. आणि तिकडे धारला, अर्ध्या दिवसाच्या बसच्या अंतरावर, गोपाळराव चांगले जिवंत होते आणि आपली मुलगी वारली असं लोकांना सांगत होते. बाप-लेक एकमेकांना शोभण्यासारखे होते, यात काही शंका नाही.

फरक इतकाच की गोपाळरावांनी ते रीतसर केलं होतं. त्यांचे पूर्वज पवारांबरोबर धारेत आले, दरबारी कारकून झाले, आणि संस्थान गेल्यावर त्या घराण्याकडे एका राममंदिराची पूजा आणि भरपूर ताठा, एवढंच शिल्लक राहिलं. गोपाळराव सरकारी शाळेत संस्कृत शिकवायचे. बाहेर सगळं गाव हिंदी-माळवी बोलायचं, पण त्यांच्या घरी पाटावर बसल्यावर हिंदी शब्द तोंडातून निघाला तर पुढचा घास मिळायचा नाही. नियम म्हणजे नियम. जयवंती त्या नियमांत वाढली, आणि खरं सांगायचं तर ती त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी होती.

ती देवासच्या एका शाळेत नोकरीला लागली आणि तिथे तिने बाप्तिस्मा घेतला. 'नवऱ्यासाठी बाटली' असं धारेत लोक बोलले, पण त्यात तथ्य नव्हतं. अजेय, तो कारखान्यातला नगरकडचा ख्रिस्ती मुलगा, तिच्या आयुष्यात नंतर आला. आधी आला तो येशू. चुकलीस तरी माझीच आहेस, असं तिला जन्मात पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं, आणि ते ऐकून ती एका रिकाम्या वर्गात बसून ढसाढसा रडली होती. हे धारेत कोणाला समजावून सांगणार?

बातमी कळली त्या आठवड्यात गोपाळरावांनी अंगणात मातीचा घट पाण्याने भरून ठेवला, दक्षिणेकडे तोंड केलं आणि तो पायाने लवंडून फोडला. घटश्राद्ध म्हणतात त्याला. धर्मातून गेलेलं माणूस मेलं असं समजून करायचा विधी. पुस्तकांत असतो, पण करत कोणी नाही. गोपाळराव पुस्तकात असलेलं सगळं करायचे.

हेही जयवंतीने एक वेळ सोसलं असतं. पण शिवानी कडेवर होती तेव्हा आई गेली, कुसुमावती, जिने नवऱ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. धाकट्या भावाने, रत्नाकरने, चोरून फोन केला आणि जयवंती मिळेल त्या बसने धारला पोचली. गोपाळरावांनी जाळीचं दार आतून लावलं. आत आईला न्यायची तयारी चालली होती, उदबत्तीचा वास बाहेरपर्यंत येत होता. "बाबा, एकदा तोंड बघू द्या," ती म्हणाली. सगळी गल्ली ऐकत होती. जाळीपलीकडून गोपाळराव म्हणाले, "मेलेल्या माणसाला सुतक नसतं."

ती परत बस स्टँडवर आली आणि कडेवरच्या पोरीला बिस्किटं घेऊन दिली. त्या दिवसापासून तिचे वडील 'नाहीत' झाले. पुढे एकदा रत्नाकरने फोनवर सांगितलं, की बाबा दरवर्षी पितृपक्षात आईला पाणी देताना तुझंही नाव पुटपुटून पाणी सोडतात, मी ऐकलंय. म्हणजे एकदा मारून यांचं पोट भरलं नाही, दर भाद्रपदात पुन्हा मारतात, असं तिला वाटलं. तिने रत्नाकरला सांगितलं, की यापुढे या घरातलं मला काही कळवू नकोस.

आता चर्चमधली गोष्ट. तिथली उपासना हिंदीत चालायची, पण प्रभूची प्रार्थना जो तो आपापल्या भाषेत म्हणायचा. कोणी हिंदीत, केरळचे लोक मल्याळममध्ये, जयवंतीसारखे चार-दोन मराठीत. त्या गलक्यात कोण काय म्हणतं हे कळायची सोय नव्हती आणि जयवंतीला तेच हवं होतं. कारण त्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली, की ती ओठ मिटून घ्यायची. आम्ही इतरांना जशी क्षमा केली तशी तू आम्हाला कर, असं देवाला सांगायचं, आणि केलेली तर नाही! तोंडाने संकल्प सोडला की तो खरा पाहिजे, खोटा संकल्प सोडण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे तिला लहानपणीच शिकवलं होतं. कोणी शिकवलं होतं, ते ती मनातसुद्धा म्हणायची नाही.

अजेय करोनात गेला. शिवानी नोकरीला पुण्यात गेली. घर मोठं झालं आणि ती ओळ प्रत्येक रविवारी जास्तच टोचायला लागली.

या भाद्रपदात रत्नाकरचा फोन आला. त्याने इतकी वर्षं तिचा शब्द पाळला होता, म्हणून त्याचं नाव दिसताच ती म्हणाली, "गेले का?"

"नाही गं ताई. पण बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही. सकाळचं दुपारी याद नाही राहत." तो अडखळला. "दिवसभर रडून राहिले. तुझ्यासाठी. आधी कसं, रागानं म्हणायचे ना, की मेली म्हणून? आता त्यांना खरंच वाटतं, की तू गेलीस. मी म्हटलं, बाबा, ती देवासला आहे, मजेत आहे. तर माझ्यावरच हात उगारला. म्हणे, मेलेल्या पोरीची थट्टा करतोस?"

जयवंतीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नवमीला आईचं श्राद्ध आहे. तुझी भावजय तिच्या आईचं करायला नर्मदेवर, नेमावरला गेली आहे, स्वयंपाकाला कोणी नाही. ये ना. एकदा फक्त."

तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रविवारी उपासना संपल्यावर तिने अक्काला सगळं सांगितलं, अगदी वडील आहेत इथपासून. अक्का म्हणजे चर्चमधली सर्वांत जुनी बाई, माळव्यातच जन्मलेली, मराठी आणि हिंदी एकाच तोंडाने आणि एकाच वाक्यात बोलणारी. तिने ऐकून घेतलं आणि भलतंच काहीतरी काढलं.

"जया, तू ती माफीची ओळ गिळतेस. मी कबसे देखून राहिले."

जयवंती चोरी पकडल्यासारखी चपापली. मग ती चिडली. "मग काय खोटं म्हणू? आणि आता माफ कोणाला करायचं, अक्का? त्यांना काही आठवतच नाही. मी इतकी वर्षं वाट पाहिली, की एक दिवस हा माणूस माझ्यापुढे उभा राहील आणि म्हणेल, चुकलं माझं. आता तो विसरून मोकळा झाला आणि मी इथे सगळं घेऊन बसले. हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच हा," अक्का म्हणाली. "पण प्रभूनं तुला माफ केलं, तेव्हा तुला काय समजून राहिलं होतं, बाई? उसने तेरी अक्कल की राह नहीं देखी. समोरच्याला समजेल मग मी देईन, असं माफीत नसतं."

जयवंतीला ते पटलं नाही. पण अष्टमीला सकाळी तिने पिशवी भरली.

इंदूरला बस बदलून ती धारच्या रस्त्याला लागली. सोयाबीन पिवळं पडलं होतं, कापलेलं सोयाबीन लोकांनी रस्त्याच्या कडेलाच पसरलं होतं, आणि आभाळ मात्र पडायच्या बेतात होतं. सगळ्या बसमध्ये ओल्या गोणपाटाचा वास भरला होता. ती वाटभर प्रार्थना करायचा प्रयत्न करत होती आणि प्रत्येक वेळी जाळीचं दार मध्ये येत होतं. आपण माफ करायला चाललोय, की आपल्याला हाकलणारा माणूस किती खचलाय ते बघायला चाललोय, हे तिचं तिलाच कळेना. बघायला चाललोय असंच असावं, आणि त्याची तिला लाज वाटली.

दार तेच होतं, जाळी नवी होती. रत्नाकरचे केस पांढरे झालेले पाहून तिला धस्स झालं. ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीत गोपाळराव बसले होते. ते इतके लहान झाले होते, की आधी तिला वाटलं दुसरेच कोणी म्हातारे पाहुणे आहेत. जानवं बनियनबाहेर लोंबत होतं आणि गालावर दाढीचे खुंट होते. रोज सूर्योदयाआधी दाढी करणारा माणूस तो.

"बाबा, बघा कोण आलं," रत्नाकर म्हणाला. "जयूताई."

गोपाळरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते मुलावर ओरडले, "पुन्हा तेच! तुला सांगितलंय ना, ती वारली!" आणि लगेच हात जोडून जयवंतीला म्हणाले, "क्षमा करा, बाई. मुलाला पोच नाही. आपण कुठल्या?"

बसमध्ये तिने जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं. "देवासची," ती म्हणाली.

"देवासला आमची मुलगी होती," गोपाळराव म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचं असतं हेही ते विसरले होते. "फार हुशार. माझ्याहून शुद्ध म्हणायची. वारली."

"बाबा, मीच ती. मी जयवंती."

"नका हो," ते अगदी गयावया करून म्हणाले. "आपण तरी नका."

यानंतर तिने पुन्हा तो प्रयत्न केला नाही. ती आत गेली आणि कणीक मळायला बसली, कारण हाताला काहीतरी हवंच होतं.

संध्याकाळी रत्नाकर उद्याची भाजी आणायला गेला तेव्हा ती त्यांना मऊ भात भरवत होती. पुढे वाकली तशी गळ्यातली साखळी पदराबाहेर आली आणि तिच्यातला छोटा क्रूस त्यांच्या डोळ्यांपुढे लोंबायला लागला. गोपाळरावांनी तो दोन बोटांत धरला. आता हे ताट भिरकावणार, असं तिला वाटलं.

"आपण त्यांच्यातल्या का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आपल्याला ठाऊक असेल. आमची जयू तिकडेच गेली होती." त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "एक सांगू? मुलाला कळू देऊ नका. मी तिचा घट फोडला. इथे, अंगणात. आणि एकदा घट फोडला, की त्या जिवाला पाणी द्यायचं नसतं. कोणीच नाही, कधीच नाही. शास्त्र आहे."

जयवंतीच्या हातातला घास तसाच राहिला. हे तिला ठाऊक होतं! त्यांनीच तिला शिकवलं होतं, ती दहावीत होती तेव्हा, याच ओसरीत. घट फोडलेल्याला तर्पण नाही, श्राद्ध नाही, त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही.

"पण मी देतो," गोपाळराव म्हणाले. "कुसुमला पाणी दिलं, की हळूच तिचंही नाव घेतो. चोरून. तहानलेली राहील हो ती! गोत्र माझंच लावतो. दुसरं कुठलं लावू? चूक आहे ते सगळं, मला कळतं. वर गेल्यावर मला विचारतील." आणि ते पुन्हा रडायला लागले.

ती उठून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. दरवर्षी आपल्याला मारणारं पाणी म्हणून जे तिने इतकी वर्षं मनात जपलं होतं, ते चोरून पाजलेलं पाणी होतं. ज्या माणसाने आयुष्यात एक नियम मोडला नाही त्याने हा एकच मोडला होता, आणि तोही दरवर्षी. तिच्यासाठी. हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. तिला नियम येत होता. रागाने तो आठवू दिला नाही.

हे कळलं म्हणजे राग विरघळेल असं कोणालाही वाटेल. तसं काही झालं नाही. उलट तो भडकला. माया होती तर दार का लावलं? आईचं तोंड का दाखवलं नाही? भर गल्लीत, कडेवर पोर असताना, ते वाक्य कसं बोलवलं? दगडाच्या माणसाने केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मायेच्या माणसाने केलं, हे कसं गिळायचं? बाहेर ओसरीत तो म्हातारा हुंदके देत होता, आणि ती आत नळ सोडून रडत होती, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये.

मग तिने खरी प्रार्थना केली. सजवलेली नव्हे. "प्रभू, माझ्याच्याने होत नाही. मला या माणसाला माफ करायचंच नाहीये, ते तुला दिसतंय. तू मला घेतलंस तेव्हा मी काही बरी नव्हते. ते जे प्रेम होतं ना तुझं, त्यातलं थोडं माझ्या हातांत दे. मनाचं मग बघू." उत्तर वगैरे काही आलं नाही. नळाचं पाणी वाहत होतं, ते तिने बंद केलं आणि उद्याचे उडीद भिजत घातले.

नवमीला सकाळी तिने रत्नाकरला स्पष्ट सांगितलं, "मी पूजेत बसणार नाही. माझ्या श्रद्धेत ते नाही. पण आईसाठी स्वयंपाक मीच करते." आणि तिने केला. वडे, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि आईच्या हातची तांदळाची खीर. आईच्या दिवसांत तिला या घरात घोटभर पाणी मिळालं नव्हतं. आज सगळं घर तिच्या हातात होतं आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं. वडे तळताना तिला आईची इतकी आठवण आली, की दोन वडे करपले.

भटजी मोटारसायकलवरून आले, घाईघाईने शिधा घेतला, "आज पाच घरं आहेत भिया," म्हणाले आणि जेवायला न थांबता गेले. पाणी देणं उरलं होतं. ते गोपाळराव स्वतःच देत. काल काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं, पण पाटावर बसून दर्भ हातात घेतल्याबरोबर मंत्र असे सुरू झाले, की जयवंती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एकही अक्षर चुकत नव्हतं.

चुकत होते ते हात. ओंजळ थरथरत होती आणि तीळ-पाणी अंगठ्याच्या बाजूने पडायच्याऐवजी मांडीवर सांडत होतं. रत्नाकर एका हाताने त्यांची पाठ सावरत होता आणि दुसऱ्या हाताने तांब्या धरायला जात होता. दोन्ही जमत नव्हतं. कुसुमावतीचं नाव कसंबसं झालं. मग गोपाळराव थांबले. त्यांनी चोरट्या नजरेने मुलाकडे पाहिलं आणि ओठ हलवायला सुरुवात केली, पण ओंजळीत पाणीच नव्हतं. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. पाणी मागावं तर मुलाला कळणार.

हे फक्त जयवंतीला समजलं.

ती पुढे आली, पाटासमोर बसली आणि रत्नाकरच्या हातातून तांब्या घेतला. यात आपल्या विश्वासाचं काही मोडतंय का, असं तिच्या मनात येऊन गेलं. प्रभू बघत होता, याबद्दल तिला शंका नव्हती. तो रागावला असेल असं मात्र तिला मुळीच वाटलं नाही. तिने डाव्या हाताने वडिलांची ओंजळ खालून धरली. ती बर्फासारखी गार होती. उजव्या हाताने तिने पाणी घातलं, आणि बापाने तिचं नाव घेतलं. जयवंती. काश्यप गोत्र. त्यांचंच. पाणी दोघांच्या हातांवरून खाली ताम्हनात पडलं. पुन्हा घातलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ती ओंजळ थरथरायची थांबली होती.

"मिळालं का हो तिला?" गोपाळरावांनी विचारलं.

"मिळालं," जयवंती म्हणाली. "आता तिला तहान नाही. तुम्ही काळजी करू नका. आणि तिचा तुमच्यावर राग नाही."

"आपल्याला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे खोटं नाही. मन काही एकदम हलकं वगैरे झालं नव्हतं. जाळीचं दार होतं तिथेच होतं. फक्त ती इतकी वर्षं त्याच्या बाहेर उभी होती, ती आता तिथे उभी नव्हती. हे कधी झालं, ते तिला सांगता आलं नसतं.

जेवायची वेळ झाली. आलेल्याला वाढल्याशिवाय आपण जेवायचं नाही, या एका गोष्टीवर गोपाळराव अडून बसले. भटजी तर निघून गेले होते. "ह्या बाईंना बसवा. लांबून आल्यात." रत्नाकर बहिणीकडे पाहायला लागला, कारण ते पान आईच्या नावाचं होतं आणि अर्धं तिच्या स्वतःच्या नावाचं. जयवंती पाटावर बसली.

जेवणाआधी तिने सवयीने हात जोडले आणि प्रभूची प्रार्थना पुटपुटायला सुरुवात केली. ती ओळ आली. ओठ आपोआप मिटले, मग उघडले, आणि तिने ती म्हटली. तिचा आवाज मध्येच फुटला. रत्नाकरला वाटलं ठसका लागला, त्याने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

ती जेवली. सगळं जेवली, खीर दोनदा घेतली. गोपाळराव समोर भिंतीला टेकून तिच्या पानाकडे टक लावून बघत होते. शेवटी, श्राद्धाला जेवणाऱ्याला यजमानाने विचारायचा असतो तो प्रश्न त्यांनी जुन्या सवयीने विचारला, "तृप्ताः स्थ?"

"तृप्ताः स्मः," ती म्हणाली. आम्ही तृप्त झालो.

गोपाळरावांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर शाळेतले गोपाळराव येऊन गेले. "हे उत्तर हल्ली भटजींनाही येत नाही. उच्चार स्वच्छ आहेत आपले. कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"वा!" ते म्हणाले. मग जरा थांबून, पाहुण्यांची चौकशी करायची असते म्हणून, त्यांनी विचारलं, "आहेत का वडील?"

रत्नाकरच्या हातातली पळी वाटीवर तशीच थांबली. जयवंतीच्या जिभेवर तो शब्द तयार होता, आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेला. ती बापाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. दाढीच्या खुंटांत भाताचं एक शीत अडकलं होतं. तिने हात पुढे करून ते काढलं.

"आहेत," ती म्हणाली. "इथे धारलाच असतात."

"मग त्यांना भेटून जा," गोपाळराव म्हणाले. "एवढ्या लांबून आलात. वाट बघत असतील."

"हो," जयवंती म्हणाली, आणि रत्नाकरने पुढे केलेली खीर तिने बापाच्या वाटीत वाढली.